आपण पहिल्यांदाच भेटतोय

बाईंच्या घरात एक प्रश्न विचारायला बंदी होती. "आठवतंय का?" हा तो प्रश्न. पाहुणा असो, जुना विद्यार्थी असो की दूधवाला, कोणी चुकून विचारलं की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो, परीक्षा घ्यायची तर आधी वेळापत्रक तरी लावा." समोरचा ओशाळायचा. मग बाईच त्याला चहा द्यायला सांगायच्या.

विमलबाई निवृत्त होईपर्यंत कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. माणसाला आठवतं कसं आणि तो विसरतो कसा, हा त्यांचा खास विषय. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्याशा विषयात जन्मभर शिकवण्यासारखं काय असणार? आठवतं ते आठवतं, नाही ते नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. लिहायची सवय बाईंमुळेच लागली. त्यांचे डोळे थकले तेव्हा त्या मला पेपर मोठ्यानं वाचायला लावत. मी अडले तर शब्द सांगत नसत, वाट बघत. हे मी लिहितेय ते कोणाला दाखवायला नाही. बाई म्हणायच्या, आठवण म्हणजे ट्रंकेत घडी घालून ठेवलेली साडी असते असं लोकांना वाटतं. तशी ती नसते. ती पोळीसारखी दर वेळी नव्यानं लाटावी लागते आणि दर वेळी थोडी वेगळी होते. मी बाईंना रोज आठवते. एकदा भीती वाटली, की असं रोज लाटून लाटून माझ्या हातून बाईच बदलून जातील. म्हणून बसले लिहायला. आजवर जेवढ्या बदलल्या असतील तेवढ्या बदलल्याच, आता त्याला इलाज नाही.

बाई अंगानं बारीक, केस कानापर्यंत कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कोणी विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "आठवत नाही." एका बहिणीशिवाय सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. मला तर करायच्याच, पण खिडकीत येणाऱ्या कावळ्यालाही "अहो, थांबा जरा, पोळी गरम आहे" म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मी दारात उभी होते ती खाली मान घालून. माझा स्वभाव असा, की परक्या माणसासमोर मला माझं नावसुद्धा सांगता येत नाही. बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणाल्या, "परवा संध्याकाळी घरी काय भाजी केली होतीत?"

मी आठवायला लागले. काही केल्या आठवेना. मला वाटलं, झालं, काम गेलं.

"नाय आठवत," मी म्हणाले.

"उत्तम!" बाई म्हणाल्या. "ज्याला सगळं आठवतं असा माणूस मला घरात नको आहे. उद्यापासून या."

स्वतः बाई तर फार विसरायच्या. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायच्या. मी सांगायला गेले की हात वर करून थांबवायच्या, "सांगू नका, बघू दे मला." स्वयंपाकघरात कशाला आलो हे विसरल्या तर तिथे डोकं खाजवत उभ्या राहत नसत. सरळ परत जाऊन आपल्या खुर्चीवर बसत. म्हणत, "विचार इथे सुटला, तो इथेच पडलेला असणार." आणि खरंच, खुर्चीवर टेकल्या की लगेच ओरडायच्या, "काडेपेटी!" मग उजव्या हाताचं पहिलं बोट वर करून म्हणायच्या, "नोंद घ्या." काही मनासारखं सिद्ध झालं की हे बोट वर जायचं. वर्गातली सवय असणार. आता वर्ग नव्हता, मी एकटी होते, तर मी नोंद घ्यायचे. म्हणजे मान हलवायचे.

त्यांची थोरली बहीण, आक्का, नाशिकहून राहायला यायची. दोघींचं बालपण वाईला गेलेलं. एक दिवस जेवताना आक्का सांगायला लागली, की लहानपणी ती घाटाच्या पायरीवरून घसरून नदीत कशी पडली आणि एका कोळ्यानं तिला वेणीला धरून बाहेर कसं ओढलं.

बाई म्हणाल्या, "आक्का, पडले मी होते."

"तू? तू तर काठावर भोकाड पसरून उभी होतीस!"

"पाणी माझ्या नाकातोंडात गेलं होतं. थंडगार. आणि वेणी माझी ओढली."

"तुझी वेणी केवढी होती गं, उंदराच्या शेपटीएवढी! तिला धरून कोण ओढील?"

दोघी सत्तरीच्या घरातल्या बायका, ताटावर हात वाळत चाललेले, आणि नदीत कोण पडलं यावरून भांडत होत्या. मला हसू येत होतं. पण मग बाईंनी भांडण सोडून दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट त्यांना काहीतरी सापडल्यासारखं दिसत होतं.

"आक्का, तू म्हणतेस तसंच असेल," त्या म्हणाल्या. "मी काठावर असणार. आई ती गोष्ट इतक्यांदा सांगायची, की ऐकता ऐकता मीच पाण्यात उतरले. तुझी आठवण मी अंगावर घातली, लहानपणी तुझे फ्रॉक घालायचे तशी. घे परत. तुझी तू ठेव."

आक्काचा घास हातातच राहिला. तिला भांडायचं होतं, मिळालं अलगद. जरा वेळानं ती बारीक आवाजात म्हणाली, "अगं, पण मग माझी तरी माझीच आहे कशावरून?"

"ते नाही सांगता यायचं," बाई म्हणाल्या. "ताक घे."

त्या रात्री भांडी आवरताना मी विचारलं, "बाई, तुम्हाला वाईट नाय वाटलं? एवढं मोठं आठवत होतं ते देऊन टाकलंत."

"आठवण स्पष्ट असणं वेगळं आणि खरी असणं वेगळं, शेवंताबाई. हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. आज स्वतःवर आलं तर मागे कशी सरू?" मग म्हणाल्या, "नदीचं ते गार पाणी मात्र मला अजून जाणवतं. ते काही तिला देता येत नाही."

माझ्या मनात बाईंबद्दलचा धाक त्या दिवशी बसला. माणसं जमीन सोडतात, दागिना सोडतात. स्वतःला डोळ्यांसमोर दिसतंय ते, खरं नसेल म्हणून सोडून देणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझी आई मी चौथीत असताना गेली. शाळा सुटली ती त्यामुळेच. आमचं गाव खडकवासल्याच्या पलीकडे, तिथे तेव्हा फोटो काढायची पद्धत नव्हती. तिचा चेहरा मला आठवत नसे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायची लाज वाटायची. एका दुपारी बाईंनी सहज विचारलं, "तुमची आई कशी दिसायची हो?" आणि मला एकदम रडू फुटलं.

बाईंनी पाठीवर हात फिरवला नाही की "अरेरे" म्हटलं नाही. माझं रडणं होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "चेहऱ्याच्या मागे लागू नका. मागे लागलं की तो पळतो. आई काय करायची ते सांगा."

"भाकरी करायची. परातीत नाय, दोन्ही हातांवर फिरवून."

"तुम्ही करता तशी?"

"आता कुठली? आता पोळ्याच."

दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ आणून ठेवलेलं होतं. बाईंनी गॅसची शेगडी खाली फरशीवर घ्यायला लावली आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसल्या. "आई बसायची तशी बसा. काही आठवू नका. नुसती भाकरी करा."

पहिली भाकरी तुटली. दुसरीचं तसंच. मला राग आला, स्वतःचाच. पण हळूहळू तळहातांना ओलसर पिठाचं वजन कळायला लागलं आणि भाकरी हातांवर फिरायला लागली, ठप ठप ठप. मी ती तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. तेवढ्यात माझी मान डावीकडे वळली. डोळे आपोआप बारीक झाले. चुलीचा धूर चुकवताना होतात तसे. तिथे धूर नव्हता, गॅस होता.

आणि आई दिसली. एका बाजूनं, मान तशीच वळवलेली, एक डोळा मिटलेला, कपाळावर पिठाचं बोट. क्षणभरच. पण दिसली.

मी बाईंकडे बघितलं. मी काही बोलले नव्हते, तरी त्यांचं बोट वर गेलेलं होतं. "नोंद घ्या. मान कोणी वळवली? तुम्ही तर नाही वळवलीत."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, की माणसाला आठवायच्या जागा एकाहून जास्त असतात. कोण, कुठे, कधी हे एका ठिकाणी. आणि सायकल, पोहणं, भाकरी हे दुसऱ्याच ठिकाणी. एक कोठी रिकामी झाली तरी दुसरी भरलेली राहू शकते. मी ते ऐकून घेतलं. ते मला खरं कळलं ते मिलिंद आला तेव्हा.

तेव्हा पुण्यात जिकडेतिकडे कॉम्प्युटरचं वारं होतं. हिंजवडीकडे कंपन्या उभ्या राहत होत्या, आमच्या बिबवेवाडीतसुद्धा चार पोरं मिळून एक फ्लॅट भाड्यानं घेऊन राहू लागली होती, आणि नवं साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठून विरूनही गेली होती. मिलिंद वानखेडे त्याच कामावरचा इंजिनिअर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. घर विश्रांतवाडीला, आई सरकारी कचेरीत. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती. आणि आळंदी रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. हेल्मेट नव्हतं.

हाडं जुळली. दिसायला पहिल्यासारखा झाला. अपघाताच्या आधीचं सगळं त्याला आठवायचं, शाळेतल्या मास्तरांच्या टोपणनावांपासून. पण नंतरचं काहीच साठेना. तुमच्याशी छान बोलायचा, हसायचा, तुम्ही आत जाऊन पाणी घेऊन आलात की उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "नमस्कार, आपण?"

त्याच्या मते तो अजून पुढच्या महिन्यात अमेरिकेला निघाला होता.

एका डॉक्टरांनी, जे बाईंचे जुने विद्यार्थी होते, त्यांनी वानखेडेताईंना बाईंकडे पाठवलं. ताई उंच, सावळ्या, पदर घट्ट खोचलेला. नवरा कधीच गेलेला. बऱ्याच वर्षांपूर्वी अमरावतीकडून पुण्यात बदलून आल्या, बोलणं आमच्यासारखंच झालेलं. पण रडू आवरताना मात्र त्यांची बोली गावाकडे जायची.

"मॅडम, औषध नाही म्हणतात. मी ऑफिसला गेले की हा गॅस चालू ठेवतो. दार उघडं टाकून खाली जातो, परत कुठे यायचं कळत नाही. शेजाऱ्यांनी किती दिवस बघायचं? माझा भाऊ म्हणतो अकोल्याला आण. त्याच्याकडे मागे एक खोली आहे. बाहेरून कडी लावता येते." हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"मले काय वाटणार जी? मी नसल्यावर तरी कोण बघणार आहे त्याच्याकडे?"

मिलिंद गॅलरीत उभा राहून कावळ्याकडे बघत होता. बाई त्याच्याकडे गेल्या आणि त्यांनी हात जोडले. "नमस्कार. मी विमल. आपण पहिल्यांदाच भेटतोय."

मग आत येऊन ताईंना म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत अकोल्याला कळवू नका. रोज यांना माझ्याकडे आणून सोडा. मी यांना बरं करणार नाही, ते कोणालाच जमायचं नाही. पण यांचं सगळंच गेलंय की काय, ते मला बघायचं आहे."

ताई रोज कचेरीच्या आधी दोन बस बदलून त्याला आणून सोडायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. रोज बाई दारात जायच्या, हात जोडायच्या. "नमस्कार. मी विमल. आपण पहिल्यांदाच भेटतोय. या, चहा घेणार ना?" रोज तेच शब्द, त्याच आवाजात. त्यात कंटाळा नाही, दया नाही, खरोखरच नवा माणूस भेटल्याची उत्सुकता. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. पहिले काही दिवस कौतुक वाटलं. महिना गेला, दुसरा गेला, तसं ते कौतुक राहिलं नाही, अंगावर काटा यायला लागला.

चहा पिताना मिलिंद सांगायचा, "पुढच्या महिन्यात अमेरिकेला जातोय." आई त्याला आधी म्हणायची, "अरे नाही रे बाबा, राहिलं ते," आणि दर वेळी त्याच्या तोंडावरचं रक्त उतरायचं, जसं काही आत्ताच कळलं. त्याच्यासाठी ते आत्ताच असायचं. बाईंनी ताईंना तसं सांगायचं बंद करायला लावलं. स्वतः त्या म्हणायच्या, "अमेरिकेत घडीची पोळी मिळत नाही म्हणे. शिकून घ्या."

"खरंय मॅडम! माझे मित्र तिकडे ब्रेड खाऊन कंटाळलेत. पण मी आयुष्यात कधी पोळी केली नाही."

"मग आज करा. या शेवंताबाई शिकवतील."

मी बाईंना एकदा एकीकडे गाठून म्हटलं, "बाई, हे खोटं नाय का?"

"मी कुठे म्हटलं ते अमेरिकेला जाणार आहेत? मी म्हटलं तिकडे पोळी मिळत नाही. ते खरंच आहे."

त्याची पहिली पोळी सगळीकडून फाटलेली होती. ती बघून तो मोठ्यांदा हसला, "बघा मॅडम, व्हिसा यायच्या आधी अमेरिकेचा नकाशा आला!" बाई खळखळून हसल्या. दुसऱ्या दिवशी पोळी तशीच, विनोद तोच, बाईंचं हसणंही तेवढंच. मला काही हसू येईना. मी विचारलं, "रोज रोज कसं हो हसता?"

"विनोद चांगला आहे," बाई म्हणाल्या, "आणि त्यांनी तो आत्ताच केलाय."

पण दिवस जात होते आणि पोळी सुधारत नव्हती. उलट एक खोड लागली. घडी घातल्यावर तो कडा लाटायच्या सोडून मधेच जोर द्यायचा, मग मधे भोक पडायचं. मी त्याला आमच्याकडे पोरींना शिकवतात तसं शिकवत होते. बिघडू दे, बिघडलं की समजेल. बाई दोन दिवस मुकाट्यानं बघत राहिल्या, आणि मग तो गेल्यावर म्हणाल्या, "शेवंताबाई, आपलं चुकतंय. तुम्ही चुकलात तर तुम्हाला आठवतं की कालची चूक झाली, आज ती करायची नाही. यांना चूक झाली हे आठवत नाही. पण हाताला ती सवय लागते. चूक राहते आणि धडा जातो. यांना एकदाही चुकू द्यायचं नाही."

"ते कसं जमावं?"

"हातावर हात ठेवून."

परक्या पुरुषाच्या हातावर हात! मी तर भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना पदर पुढे करणारी. मी नाही म्हटलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लाज कशाची? ते तुम्हाला दहा मिनिटांत विसरणार आहेत. असा सोयीचा माणूस पुण्यात दुसरा सापडायचा नाही."

मी घरी जाऊन विचार केला. दुसऱ्या दिवशी ताईंना विचारलं, म्हणजे बाईंनीच माझ्या वतीनं विचारलं. ताई म्हणाल्या, "माझ्या पोराचा हात धरायला कोणी तयार आहे, अन् मी नको म्हणू?" तेव्हापासून मी त्याच्या मागे उभी राहायचे आणि लाटणं धरलेल्या त्याच्या हातांवर माझे हात ठेवायचे. कडेनं लाटायचं, मधे हलकं, पोळी आपोआप फिरली पाहिजे. रोज तो विचारायचा, "मावशी, मला जमेल?" रोज मी फक्त "हं" म्हणायचे. त्याच्या हातांचा ताठरपणा रोज थोडा कमी होत होता. मग एक दिवस मला जाणवलं, की पोळी माझ्या हातांनी फिरत नाहीये. मी हात काढून घेतले. ते त्याला कळलं नाही.

त्या दिवशी त्यानं पोळी तव्यावर टाकली आणि तिच्याकडे बघत राहिला. मी विनोदाची वाट बघत होते. विनोद आला नाही. करताच येईना, कारण पोळी गोल होती.

"अरेच्चा! मॅडम, माझी पहिलीच पोळी, आणि गोल!"

बाईंनी बोट वर केलं. त्या उठून गॅलरीत गेल्या आणि बराच वेळ कावळा नसलेल्या कठड्याकडे बघत राहिल्या.

दिवाळीच्या आधी वानखेडेताई एका दुपारीच आल्या. भाऊ दोन दिवसांत न्यायला येणार होता, गाडी करून. "मॅडम, तुम्ही खूप केलं. पण मी थकले." हातात मिलिंदच्या कपड्यांची पिशवीसुद्धा होती.

बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. "जेवून जा. मग काय ते ठरवा."

मिलिंद गॅलरीतून आत आला. आईला बघून खूश झाला. बाईंनी रोजचं अमेरिकेचं सांगितलं, त्यानं रोजचं सांगितलं, "मी आयुष्यात कधी पोळी केली नाही." आणि पोळपाटापाशी उभा राहिला. गोळा घेतला, पुरीएवढा लाटला, तेलाचं बोट फिरवलं, पीठ भुरभुरवलं, घडी घातली. मी लांब उभी होते, मुद्दाम. लाटण्याखाली पोळी फिरू लागली. तव्यावर ती फुगली. फडक्यानं कडा दाबल्या, उतरवली, दोन हातांत धरून हलकेच आपटली, तसे पदर सुटले. आणि मग, कोणी सांगितलं नव्हतं, गॅस बंद केला. बंद केला आणि बटण एकदा चाचपून पाहिलं.

ताईंचं लक्ष पोळीकडे नव्हतंच. त्या बटणाकडे बघत होत्या.

"तुले कोणी शिकवलं रे हे?"

"कोणी नाही, आई. आजच पहिल्यांदा करतोय. सोपं असतं."

ताईंनी बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला हे कधीच ओळखणार नाहीत. या शेवंताबाईंनाही नाही. बसनं एकटे फिरतील असंही मी सांगत नाही. पण गॅस शिकले, तसं कुलूप शिकतील, जिना शिकतील. एक दार बंद झालंय ताई, घर बंद झालेलं नाही. तुम्ही बाहेरून कडी लावायच्या आधी एवढं बघून घ्या."

ताईंनी पोळीचा तुकडा मोडला. तोंडात घातला. चावत राहिल्या, बराच वेळ. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही. मग म्हणाल्या, "मीठ नाही यात."

"कणीक आज मी मळली," बाई म्हणाल्या. "मीठ घालायचं विसरले."

ताई हसल्या. आधी नुसत्या हसल्या, मग हसताना रडल्या, आणि मिलिंद दोघींकडे बघून, काही न कळता, त्यांच्यात सामील होऊन हसला. अकोल्याची गाडी आली तशी रिकामी परत गेली.

पुढे ताईंनी निवृत्ती घेतली आणि विश्रांतवाडीत घराच्या खालीच पोळी-भाजी केंद्र काढलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कंपन्यांतल्या पोरांना डबे लागायचेच. दुपारी मीही तिथे जाऊ लागले. मिलिंद पोळ्या करायचा. गिऱ्हाइकानं कौतुक केलं की म्हणायचा, "आजच सुरुवात केलीय." नवीन गिऱ्हाइकाला ते नम्रपणाचं वाटायचं, जुने काही बोलत नसत. महिन्यातून एकदा ताई त्याला बाईंकडे आणायच्या. बाई दारात उभ्या राहायच्या, हात जोडायच्या, "नमस्कार. मी विमल. आपण पहिल्यांदाच भेटतोय. या, चहा घेणार ना?" इतकी वर्षं. एकदाही "अहो मिलिंद, आलात का" असं ओळखीचं त्यांच्या तोंडून निसटलं नाही. मी एकदा विचारलं, एवढं कशाला, त्याला कुठे फरक पडतो? त्या म्हणाल्या, "आपण ओळखीचं हसलो की त्यांना वाटतं, मी काहीतरी विसरलोय. अपराधी वाटतं. नव्या माणसापुढे कोणी अपराधी नसतो."

कोणाला वाटेल, शेवटी बाईंचीच स्मृती गेली असेल. तसं काही झालं नाही. त्यांचं हृदय थकलं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातून हट्टानं घरी आल्या. श्वास पुरेना, बोलणं बंद झालं, पण सगळं कळत होतं. मी तिथेच राहायला गेले होते.

ताई मिलिंदला घेऊन आल्या, सकाळच्या वेळी. हातात पोळ्यांचा डबा. आता त्याच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते. तो दारातून आत आला आणि बाईंच्या पलंगापाशी उभा राहिला. समोर एक म्हातारी, आजारी, अनोळखी बाई. त्यानं तिच्याकडे पाहिलं. बाईंचे ओठ हलले. मला माहीत होतं त्या काय म्हणायचा प्रयत्न करत होत्या. आवाज आला नाही.

मिलिंद थांबून राहिला. आपण कशाची वाट बघतो आहोत हे त्याला कळत नसावं, पण तो वाट बघत होता हे नक्की. इथे काहीतरी व्हायचं असतं आणि ते झालेलं नाही, असा त्याचा चेहरा होता. ताई त्याला काही सांगायला पुढे झाल्या. मी त्यांचा हात धरला.

मग त्यानं डबा खाली ठेवला आणि हात जोडले.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी मिलिंद. आपण पहिल्यांदाच भेटतोय." आणि जरा थांबून, "चहा घेणार ना?"

तोच आवाज, तीच लय. हे कोणाचं वाक्य आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे वर्गात उत्तर बरोबर आल्यासारखे झाले. पांघरुणाखाली हालचाल झाली, मला वाटलं त्यांना पाणी हवंय. तसं नव्हतं. पांघरुणातून उजव्या हाताचं पहिलं बोट हळूहळू बाहेर आलं आणि वर झालं.

मी नोंद घेतली.